आत्याची खाट कुठल्या जिल्ह्यात

माझी आत्या हैदराबादच्या एका मोठ्या सरकारी दवाखान्यात मेट्रन होती. निवृत्त होऊन तिला बरीच वर्षं झाली होती, पण ही बातमी तिच्यापर्यंत पोचलेली नाही, असं आमचे हे म्हणत. ती विद्यानगरला दोन खोल्यांत एकटी राहायची. लग्न केलं नव्हतं. नल्लकुंट्याला आमच्याकडे आली की चप्पल काढून ती आधी आतल्या खोलीत जायची आणि पलंगावरच्या चादरीचा कोपरा उचलून बघायची. कोपरा गादीखाली नीट दुमडलेला नसला तर स्वतः दुमडायची आणि मगच पाणी मागायची. माझ्या लग्नानंतर सासूबाईंना हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा त्यांना वाटलं, ही बाई गादीखाली काही शोधते आहे.

ती पडली ती पंख्यामुळे. पंख्याची पाती पुसायला स्टुलावर चढली आणि स्टूल सरकलं. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत पट्टी बसवली. पेशंट म्हणून वॉर्डात असताना तिने तिथल्या सिस्टरांना सलाइन कसं धरायचं, ट्रे कुठल्या हाताने उचलायचा, डॉक्टरांसमोर उभं कसं राहायचं, हे सगळं शिकवलं. त्यांनी तिला ठरल्या दिवसाच्या आधीच घरी सोडलं. तब्येत चांगली आहे असं कारण दिलं, पण मला वाटतं वॉर्डालाच विश्रांतीची गरज होती.

आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. चार जणांनी तिला खुर्चीत बसवून वर आणलं. ती खुर्चीतून सूचना देत होती आणि ते चौघं जिन्याच्या वळणावर एकमेकांकडे बघत होते. वर आली ती आलीच, खाली जायचा प्रश्नच नव्हता. मी तेव्हा विमा कंपनीत नोकरीला होते, मुलगा परदेशात, आणि ह्यांची कंबर आधीपासून दुखरी. आत्या उंचीने आणि वजनानेही भरभक्कम. तिला उठवून बसवणं म्हणजे घरातल्या सगळ्यांचं काम. म्हणून एजन्सीतून आया बोलावल्या. पहिलीला आत्याने कोपरापर्यंत हात धुवायला लावले. ती दुपारी जेवायला म्हणून गेली ती आली नाही. दुसरी खुर्चीत बसून झोपायची. आत्या तिला उठवायची नाही, नुसती बघत राहायची, आणि जाग आली की तोंड उघडं टाकून झोपल्याने घशाला काय होतं ते सांगायची. तिसरी चांगली होती. आत्यालाही ती पसंत होती. तिचं लग्न ठरलं.

एके दिवशी सकाळी मी ऑफिसला निघायच्या घाईत असताना आत्या म्हणाली, "मला आता होम बघा. पण कुठलं ते मी ठरवणार. मी बघितल्याशिवाय जाणार नाही."

मी डब्याचं झाकण लावता लावता रडले. आत्याला घराबाहेर ठेवायचं, लोक काय म्हणतील, काचीगुड्याची चुलत मंडळी काय म्हणतील, हे सगळं एकदमच डोक्यात आलं. आत्याने मला रडू दिलं आणि मग विचारलं, की काचीगुड्याच्या मंडळींपैकी कोण येऊन तिला कूस वळवणार आहे. संध्याकाळपासून मी फोन करायला लागले.

शहरातल्या होममध्ये फोनवर पहिला प्रश्न एकच असायचा: पेशंट चालतात का. चालत असतील तर जागा आहे, नसतील तर क्षमा करा. एका ठिकाणी आत्याने माझ्या हातातून फोन घेतला आणि विचारलं, की चालता येत असतं तर मी तुमच्याकडे कशाला आले असते, विद्यानगरला नसते का गेले. पलीकडच्या माणसाने थोडा वेळ विचार केला आणि म्हणाला, तेही बरोबर आहे. पण जागा दिली नाही.

मग कोणीतरी सांगितलं की शहरात बघू नका, बाहेर जिल्ह्यांत बघा. तिकडे आता पुष्कळ होमं निघाली आहेत, जागा मोकळी, हवा स्वच्छ, आणि खाटेवरचे पेशंटही घेतात.

जिल्ह्यांत बघा हे म्हणायला सोपं होतं. तो काळ नव्या जिल्ह्यांचा होता. राज्य नवीन होऊन फार दिवस झाले नव्हते आणि आता जुन्या जिल्ह्यांचीही फोड झाली होती. एकाचे तीन, चार, कुठे पाच. माणसं जागची हलली नव्हती पण पत्ते बदलले होते. काही कचेऱ्या लग्नाच्या हॉलमध्ये होत्या, काही बंद पडलेल्या शाळांत. पाट्यांचा रंग ओला होता. कुठल्या गावात जाऊन हा जिल्हा कुठला असं विचारलं, तर म्हातारी माणसं एक नाव सांगायची, तरुण दुसरं, आणि चहाच्या टपरीवाला विचारायचा, तुम्हाला कुठला पाहिजे.

गाडी काचीगुडा स्टेशनजवळच्या स्टँडवरून ठरवली. तिची पुढची सीट मागे पार आडवी व्हायची, म्हणून तीच घेतली. आत्या आता वॉकर धरून दोन पावलं टाकायची, पण जिन्यासाठी पुन्हा त्याच चौघांना बोलावून खुर्चीतून तिला खाली आणलं. ड्रायव्हर साठीच्या आसपासचे, पांढरी दाढी, कपड्यांना इस्त्री. मी त्यांना भाई म्हणायचे, आत्या मियाँ म्हणायची. आम्ही कशासाठी निघालो आहोत हे कळल्यावर त्यांनी आरशातून माझ्याकडे असं बघितलं की मी खिडकीबाहेर बघायला लागले. मोठ्या माणसांना असं बाहेर सोडायची रीत त्यांच्या घराण्यात नाही, असं ते आत्याला दख्खनीत समजावत होते. आत्या म्हणाली, "मियाँ, आप रास्ता देखो. मेरे कू कोई छोडने नक्को, मैं खुद जा रईं."

पहिलं होम आंब्याच्या बागेत होतं. मोठं फाटक, आत छोटं देऊळ, सिमेंटची हरणं. मॅनेजर गोड बोलणारे होते. त्यांनी आम्हाला ध्यानाचा हॉल दाखवला. आत्याने विचारलं, बेडपॅन कुठे धुता. त्यांनी आम्हाला पुन्हा ध्यानाचा हॉल दाखवला. नर्स कोण आहे असं विचारल्यावर ते म्हणाले, इथे नर्स वगैरे असा भेद नाही, सगळे सेवाभावाने करतात. आत्या वॉकरला धरून उभी होती. ती म्हणाली, "सेवाभावाला कॅथेटर घालता येतं का?" मॅनेजरने कॅथेटर हा शब्द कागदावर लिहून घेतला, मागवून ठेवतो म्हणाले.

दुसऱ्या होमविषयी मात्र हसून सांगता येत नाही. हमरस्त्यापासून आत, पत्र्याची लांब शेड. तिथे एक वॉचमन होता, तोच स्वयंपाक करायचा, तोच फरशी पुसायचा. नर्स होती म्हणे, पण नव्या जिल्ह्यांमुळे सरकारी जागा निघाल्या आणि तिला नोकरी लागली. ती गेली, तेव्हापासून कोणी नाही. एका कोपऱ्यात एक आजोबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. आत्याने दारातूनच नाक वर केलं आणि तिकडे निघाली. त्यांच्या पाठीला जखमा झाल्या होत्या. पडून राहिलेल्या माणसाला होतात तशा, कमरेच्या वर, हाडाशी.

आत्या कोणावर ओरडली नाही. तिने वॉचमनला गरम पाणी आणायला सांगितलं, भाईंना साबणाने हात धुवायला सांगितले आणि स्वतः खाटेशेजारी खुर्चीत बसली. मला म्हणाली, तू पायांकडे उभी राहा. मग तिच्या सांगण्याबरहुकूम आम्ही तिघांनी त्या माणसाला कुशीवर वळवलं, पुसलं, पाठ कोरडी केली, दोन उशा कशा लावायच्या ते तिने वॉचमनला दोनदा करून दाखवलं. दर दोन तासांनी वळवायचं, म्हणाली. तो म्हणाला, अम्मा, मला हे कोणी सांगितलंच नव्हतं. तो खोटं बोलत नव्हता. आजोबांनी आत्याचा हात धरून तेलुगूत काहीतरी विचारलं. मला वाटलं आभार मानतायत. ते विचारत होते, जेवायला काय आहे.

परतीच्या रस्त्यावर एका टपरीवर गाडी थांबली. भाईंनी चहाचा पहिला कप आत्याला दिला, दुसरा मला, आणि पुन्हा कधी त्यांनी घराण्याच्या रीतीचा विषय काढला नाही.

असं आम्ही आणखी काही ठिकाणी फिरलो. कुठे नर्स होती पण पाणी नव्हतं, कुठे सगळं होतं पण खाटा इतक्या जवळजवळ की एकाने कूस बदलली की शेजाऱ्यालाही बदलावी लागायची. एक होम नुसत्या पाटीपुरतंच निघालं, आत बियाण्यांचं दुकान होतं. मी हरले होते. आत्या हरली नव्हती. तिला अंगात जोर आल्यासारखं झालं होतं. घरी दोन पावलं टाकायला कुरकुरणारी बाई प्रत्येक होममध्ये वॉकर घेऊन संडासापर्यंत जाऊन यायची, कारण संडास बघितल्याशिवाय तिचं समाधान व्हायचं नाही.

शेवटी जे होम सापडलं, ते एका बंद राईस मिलच्या गोदामात होतं. गावाचं नाव लिहीत नाही. मोठं तळं, तळ्याचा लांब बांध, बांधाच्या या टोकाला होम आणि त्या टोकाला शेजारचं गाव. गोदामाचा मालक स्वतःच होम चालवायचा. त्याची आई खाटेवर होती. तिला बघायला बाई ठेवली, तर शेजारच्यांनी आपलीही आई आणून ठेवली, आणि असं करता करता पंधरा-वीस म्हातारी माणसं जमली. मिल बंद पडली आणि होम चालू झालं. मालक लाजरा माणूस होता. आत्याने बेडपॅन कुठे धुता विचारल्यावर त्याने नुसतं बोट दाखवलं. मागे वेगळी मोरी, वेगळा नळ, वर फिनेलची बाटली. आत्या तिथे बराच वेळ उभी राहिली. देवळात लोक उभे राहतात तशी.

चादरींचे कोपरे मात्र कोणालाच दुमडता येत नव्हते. मला वाटतं, तेच बघून तिने तिथे राहायचं ठरवलं.

नर्सचं विचारलं तेव्हा मालकाचा चेहरा पडला. नर्स होती, म्हणजे बांधाच्या पलीकडच्या गावात सरकारी दवाखाना होता आणि तिथली सिस्टर आठवड्यातून एक दिवस इथे यायची, सगळ्यांचं ब्लडप्रेशर, साखर बघायची, जखमा बांधायची. वर्षानुवर्षं हे चाललं होतं. आता दवाखान्याचं गाव एका जिल्ह्यात गेलं आणि होमचं गाव दुसऱ्यात. सिस्टरला वरून सांगितलं की दुसऱ्या जिल्ह्यातल्या म्हाताऱ्यांना तपासायचं नाही, त्यांचा जिल्हा बघून घेईल. त्यांच्या जिल्ह्याचा दवाखाना दोन बस बदलून जावं लागेल इतका लांब, आणि तिथल्या सिस्टरने हे गावच ऐकलं नव्हतं.

आत्याने सगळं ऐकून घेतलं. मग मला म्हणाली, आठ दिवस राहून बघते, पुढच्या आठवड्यात न्यायला ये. मी पुन्हा रडले. तिने मला पुन्हा रडू दिलं आणि जाताना सांगितलं की तिच्या दोन जुन्या पांढऱ्या साड्या आणि ब्लडप्रेशरचं जुनं मशीन पाठवून दे.

त्या आठवड्यात तिचा फोन एकदाच आला. मी काही विचारायच्या आत तिने एका मलमाचं नाव सांगितलं आणि ठेवला.

ठरल्या दिवशी मी आणि भाई सकाळी निघालो. होमपाशी पोचलो तर फाटक उघडं, आत कोणी नाही. एकाही खाटेवर माणूस नव्हतं. चादरी ताठ, चारही कोपरे दुमडलेले, आणि खाटा रिकाम्या. मी आत्याला हाका मारत आत गेले. स्वयंपाकघरात भांडी घासणारी स्वयंपाकीण भेटली. मी विचारलं, सगळे कुठे गेले. तिने शांतपणे सांगितलं, दुसऱ्या जिल्ह्यात गेले.

कसे गेले, हे तिने सांगेपर्यंत मी धावत गाडीत बसले होते. भाईंनी गाडी बांधावर घेतली. बांध अरुंद, एका बाजूला तळ्याचं पाणी, दुसऱ्या बाजूला भातखाचरं. आणि पुढे, बांधाच्या मधोमध, एक ट्रॅक्टर चालला होता. मागच्या ट्रॉलीत गाद्या अंथरल्या होत्या, गाद्यांवर म्हातारी माणसं बसली होती, काही आडवी होती, आणि पुढच्या बाजूला, खुर्ची दोरीने ट्रॉलीच्या दांडीला बांधून, पांढऱ्या साडीत आत्या बसली होती. मालक ट्रॅक्टर चालवत होता. इतका सावकाश, की बदकं पुढे जात होती.

आत्याने सरळ हिशोब केला होता. सिस्टरला इकडे यायची मनाई आहे. दवाखान्यात कोणी पेशंट आला तर त्याला हाकलून द्यायची मनाई नाही. मग पेशंटने जायचं.

पण गोष्ट एवढ्यावर राहिली नाही. त्या दिवसांत त्या भागात सगळीकडे आंदोलनं चालू होती. कोणाला या जिल्ह्यात यायचं नव्हतं, कोणाला त्या जिल्ह्यात जायचं होतं, कोणाला स्वतःचा वेगळा पाहिजे होता. होमच्या गावातल्या तरुण मंडळींनाही आपलं गाव बांधापलीकडच्या जिल्ह्यात जावं असं वाटत होतं, पण आंदोलनाला माणसं जमत नव्हती. चौकात बसलेल्या त्या मंडळींना ट्रॅक्टर भरून म्हातारी माणसं बांधावरून पलीकडच्या जिल्ह्याकडे जाताना दिसली. त्यांना वाटलं, वडीलधारे आपल्या आधी रस्त्यावर उतरले. त्यांना लाज वाटली. ते मोटारसायकलींवरून मागोमाग निघाले. कोणाकडे झेंडा होता, कोणाकडे नुसता टॉवेल. आमची गाडी आता मधोमध अडकली होती, पुढे ट्रॉली, मागे मोटारसायकली, आणि हॉर्न सगळ्यांचे. भाई म्हणाले, बाई, आपण जुलूसमध्ये आहोत.

त्याहून वाईट म्हणजे, त्याच सकाळी नव्या जिल्ह्याचे एक मोठे अधिकारी दवाखान्याची नवी पाटी लावायला आले होते. शामियाना, फुलं, माईक, दोन पोलीस. पाटीवरचा पडदा काढायला त्यांनी हात वर केला आणि समोर बांधावरून हे सगळं येताना दिसलं. हात तसाच वर राहिला.

ट्रॉली थांबली. घोषणा सुरू झाल्या. एका स्थानिक पेपरचा वार्ताहर पाटीच्या बातमीसाठी आला होता, तो ट्रॉलीकडे धावला. त्याने आधी आमची हैदराबादची गाडी बघितली, मग मला, आणि विचारलं की मी कुठल्या पक्षाकडून आले आहे. मी म्हणाले, मी भाची आहे. त्याने ते लिहून घेतलं.

अधिकारी शहाणा माणूस होता. तो पोलिसांना थांबवून स्वतः ट्रॉलीपाशी आला आणि नमस्कार करून विचारलं की आपल्या मागण्या काय आहेत. ट्रॉलीतून मागण्या यायला लागल्या. एका आजींना डोळ्यांत घालायचं औषध पाहिजे होतं. दुसऱ्या आजींना कॉफी, कारण होममध्ये चहाच मिळतो. एका आजोबांना ऐकू येत नव्हतं, पण सगळे बोलतायत म्हणून तेही बोलले. आपल्या जावयाला पकडा, असं काहीतरी म्हणाले. अधिकारी गोंधळला. त्याने आत्याकडे बघितलं, कारण उंच खुर्चीत तीच होती.

आत्या म्हणाली, "मागणी काही नाही. ब्लडप्रेशर आहे."

तेलुगू, दख्खनी आणि वॉर्डातली इंग्रजी अशी तिन्ही मिसळून तिने त्याला सगळं सांगितलं. सिस्टरही दारात येऊन उभी होती, सावळी, मजबूत बांध्याची बाई, आता नोकरी जाते की काय या भीतीने घामाघूम झालेली. अधिकाऱ्याने नियमाचं सांगायला सुरुवात केली. आत्याने त्याचं बोलणं पूर्ण ऐकलं. मग त्याच्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं आणि विचारलं, डोकं दुखतं का सकाळी उठल्यावर. तो म्हणाला, दुखतं. मान? मानही. आत्याने सिस्टरला डोळ्याने खूण केली. त्या फुलांच्या शामियान्यात, नव्या पाटीखाली, माईकच्या शेजारी, अधिकाऱ्याला स्टुलावर बसवून सिस्टरने त्याच्या दंडाला पट्टा बांधला. घोषणा देणारी मंडळी आपोआप गप्प झाली. ब्लडप्रेशर बघताना बोलायचं नसतं, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. आकडा बघून सिस्टरने आत्याला दाखवला. आत्याने त्याला दाखवला. तो बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसला.

मग त्याने सिस्टरला तोंडी सांगितलं की व्यवस्था होईपर्यंत पूर्वीसारखं जात जा. लेखी काही दिलं नाही. पुढे त्याची बदली झाली, त्याच्या जागी दुसरा आला, तिसरा आला, पण सिस्टरचं जाणं कोणी थांबवू शकलं नाही. लेखी हुकूम असता तर कोणीतरी रद्द केला असता.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात, मला वाचून दाखवलं त्याप्रमाणे, ज्येष्ठ नागरिकांच्या प्रचंड मोर्चाची बातमी होती आणि त्याचं नेतृत्व हैदराबादहून आलेल्या कोणा भाचीने केलं होतं. गाव काही पलीकडच्या जिल्ह्यात गेलं नाही. पण तरुण मंडळी बरेच दिवस माझ्याकडे आदराने बघायची आणि मी आले की गाडीला सावली करून द्यायची.

त्या दुपारी सगळे होममध्ये परत आल्यावर मी आत्याची पिशवी भरायला घेतली. ती म्हणाली, ठेव ती. मी विचारलं, इथे काय आहे एवढं, एक पत्र्याचं छप्पर आणि रोजचं तेच पप्पू-चारू, वरण आणि सार. घरी मी आहे, हे आहेत, सगळे तुझी काळजी करतो.

"तेच तर," आत्या म्हणाली. "तुझ्याकडं सगळे माझी काळजी करायलेत. इथं कुणाला वेळ नाही."

मला राग आला, खोटं कशाला बोलू. येताना भाईंना मी सगळा रस्ताभर सांगत होते की इतकं करून माणसाचं असं असतं. भाई हो हो म्हणत होते. शहराच्या वेशीवर गाड्यांची गर्दी लागली तेव्हा मला कळलं की मी सकाळपासून पहिल्यांदाच पाठ टेकून बसले आहे, आणि घरी जाऊन मला कोणाला वळवायचं नाही. तेव्हा जरा लाजही वाटली आणि हलकंही वाटलं. दोन्ही एकदम.

आत्या तिथे काही वर्षं राहिली. गाव तिला मेट्रनम्मा म्हणायचं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नल्लकुंट्याला आली तेव्हा डोळ्यावर पट्टी असताना हाताने चाचपून तिने आमच्या चादरीचे कोपरे तपासले. होमविषयी तिच्या तक्रारी खूप होत्या: मालक मऊ आहे, स्वयंपाकीण तिखट घालते, सिस्टर घाईत असते. तक्रार करताना तिचा चेहरा असा फुललेला असायचा की आमचे हे मुद्दाम विचारायचे. आम्ही बघितलेली बाकीची होमं? आंब्याच्या बागेतलं अजून आहे, तिथे आता लग्नंही होतात. पत्र्याची शेड बंद झाली. तिथल्या आजोबांना आत्याने मालकाला सांगून आपल्याकडे आणवलं होतं. भाईंनीच आणलं, पुढची सीट आडवी करून, पैसे न घेता. आजोबांच्या जखमा भरल्या. नंतर ते गेले, पण कोरड्या पाठीने गेले, असं आत्या म्हणाली. तिच्या तोंडी ती मोठी स्तुती होती.

ती स्वतः गेली ती थंडीत, दुपारी जेवण झाल्यावर. सिस्टरचा दिवस होता. तिने हात धरला होता म्हणे, आणि आत्याने शेवटपर्यंत तिला नाडी कुठे दाबून बघायची हे सांगायचं सोडलं नाही. आम्ही पोचेपर्यंत गावाने सगळी तयारी केली होती. आम्ही तिला हैदराबादला न्यायचं म्हणत होतो, पण कोणी ऐकायला तयार नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आम्हीही फार जोर धरला नाही. तळ्याकाठीच सगळं झालं.

काही दिवसांनी मी आणि भाई तिचं सामान आणायला गेलो. सामान असं नव्हतंच. साड्या वाटल्या गेल्या होत्या, ब्लडप्रेशरचं मशीन सिस्टरकडे होतं. स्वयंपाकिणीने जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. जेवण तिखट होतं. हात धुवायला मागे गेले तर मालक वाट बघत उभा होता. त्याला मोरीशेजारी नवा संडास बांधायचा होता, आणि धरायची दांडी डावीकडे लावावी की उजवीकडे, हे मेट्रनम्मांना विचारायचं राहून गेलं होतं. तो माझ्याकडे बघत होता. दोन-तीन आज्याही येऊन उभ्या राहिल्या.

मला त्यातलं काही कळत नाही. मी आत जाऊन जागा बघितली, भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाले, दोन्हीकडे लावा. मालकाने मान हलवली, आणि आज्यांनीही हलवली, आणि भाईंनी गाडीचं दार उघडलं.